टिकणारे टायर

बाय,

तुझ्या गाडीच्या टायरांवर अजून केस आहेत.

नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगावर रबराचे बारीक तंतू राहतात, त्यांना तू केस म्हणायचीस. रस्त्याला टेकणारे केस चार दिवसांत जातात, कडेचे बराच काळ राहतात. काल सर्वण गावातल्या घरी पत्र्याच्या शेडखाली उकिडवा बसून मी चारही चाकांवरून बोट फिरवले. केस बोटाला लागले. खाचा जवळजवळ तशाच खोल आहेत. हे मी निवडलेले टायर. दीड महिना वाद घालून मी ते तुझ्या गळी उतरवले होते आणि माझा मुद्दा एकच होता, की हे टिकतील. पाच वर्षे तरी जातील, असे मी म्हटले होते. जातीलच. तू जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

बहिणीबद्दल काहीतरी लिहा, असे मला दोघातिघांनी सांगितले. डिचोलीसारख्या गावात बाईमाणसाने टायरांचे दुकान इतकी वर्षे कसे चालवले, हे लोकांना वाचायला आवडेल म्हणे. ते दुसरे कोणीतरी लिहील. मला आपल्या शेवटच्या भांडणाचे लिहायचे आहे. ते मिटले असे मी समजत होतो.

भांडणाच्याही आधीची एक गोष्ट आहे. ती आपण दोघांनी कधी तोंडातून काढली नाही. पेडण्याच्या शाळेत मला मास्तरकी मिळाल्याचे पत्र आले, त्या दिवशी बाबांनी दुकानाच्या चाव्या माझ्यासमोर मेजावर ठेवल्या होत्या. मी जनेलाच्या गजांतून बाहेर बघत बसलो. तू आतून चहा घेऊन आलीस, कप खाली ठेवलेस आणि जाताना चाव्या उचलून कमरेला खोचल्यास, जशा काही त्या चुकून तिथे राहिल्या होत्या. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तुलाही पुढे शिकायचे होते. दुसऱ्या दिवशी मी पेडण्याची बस धरली आणि तू खाणीच्या टिप्पर ट्रकांचे टायर उघडायला बसलीस. पुढे दोघेही लग्नावाचून राहिलो. तू दुकानामुळे आणि मी आळसामुळे, असे तूच लोकांना सांगायचीस.

त्या चाव्यांबद्दल मी तुला काहीच म्हटले नाही. त्याच्या बदल्यात, म्हणजे मी माझ्या मनाशी बदल्यात म्हणायचो, दर शनिवारी शाळेतले उरलेले खडूचे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून मी तुला आणून द्यायचो. चाकावरून उतरवलेल्या टायरावर मालकाचे नाव आणि चाकाची जागा लिहून ठेवायची, म्हणजे सरमिसळ होत नाही, ही तुमच्या धंद्यातली रीत. पिवळा खडू असेल तर तू खूश व्हायचीस, ओल्या रबरावर तो जास्त उठून दिसतो म्हणून. निवृत्त झालो त्या शनिवारी तू म्हणालीस, आता खडू विकत घ्यावे लागणार, नोकरी सोडायच्या आधी विचारायचे तरी होतेस. मी हसलो. तेव्हासुद्धा म्हणता आले असते.

गाडी गेल्या हिवाळ्यात आली. खाणी बंद पडल्यावर ट्रक उभे राहिले आणि तू मोटारींच्या टायरांकडे वळलीस. पेडण्याच्या किनाऱ्याकडे नवी माणसे राहायला येत होती, त्यांच्या महागड्या गाड्या येत होत्या. मांद्र्याला राहणारा एक म्हातारा गिऱ्हाईक मुलीकडे कायमचा जायला निघाला आणि जाताना त्याने आपली गाडी तुला विकली. गडद हिरवी, दोनच माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. मी पाहायला आलो तेव्हा तू दुकानासमोर तिला फडक्याने पुसत होतीस. ही कशाला, असे मी विचारले.

"जल्मभर टिप्परांचे पांय पुसले," तू म्हणालीस. "आतां एक घोडो पोसतां."

तिच्यासोबत आलेल्या टायरांच्या खाचा भरपूर होत्या. मला ते चांगलेच दिसले. तू मला खाली बसवलेस आणि टायराच्या बाजूवर बारीक अक्षरांत कोरलेले चार आकडे दाखवलेस. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर कोणत्या आठवड्यात जन्मला ते त्याच्या अंगावर लिहिलेले असते, हे इतकी वर्षे टायरवालीचा भाऊ असून मला माहीत नव्हते. पुस्तकाच्या पहिल्या पानामागे छापल्याचे साल असते तसे ते मला वाटले. मग तू टायराची बाजू अंगठ्याने दाबलीस. रबरावर बारीक भेगा उमटल्या, सुकलेल्या तळ्याच्या मातीसारख्या. म्हाताऱ्याने गाडी फारशी चालवलीच नव्हती. जपून ठेवली होती.

"हे झिजूंक नात," तू म्हणालीस. "हे वाट पळोवन गेले."

न झिजता, वाट पाहूनच गेले, हे तेव्हा मला चांगले वाक्य वाटले होते. घरी जाऊन मी वहीत लिहूनही ठेवले. बाय, चांगले वाक्य म्हणून लिहिले होते.

नवे टायर घ्यायचे ठरले आणि मी त्यात पडलो. निवृत्तीनंतर मला वाचायला नवा विषय हवाच होता. मी टायरांच्या चाचण्यांचे अहवाल वाचले, वहीत रकाने आखले, वेगाचे अक्षर म्हणजे काय, वजनाचा आकडा म्हणजे काय, ओल्या रस्त्यावर कोणता टायर किती अंतरात थांबतो, सगळे उतरवून घेतले. शनिवारी खडूऐवजी वही घेऊन दुकानात यायला लागलो. मला पाहिले की तू सगुणला हाक मारून सांगायचीस, मास्तर आयले, आतां टायर नापास जातले. सगुण बांद्याचा, खाणीच्या काळापासून तुझ्याकडे कामाला. तो पाना हातात धरून हसायचा आणि माझ्यासाठी स्टूल पुसायचा.

तुला मऊ टायर हवे होते. तसल्या गाड्यांसाठीच बनवलेले, रस्त्याला धरून बसणारे, वळणावर चिकटणारे. माझे म्हणणे, मऊ रबर लवकर झिजते, शिवाय आपले रस्ते, चिऱ्याच्या खडीची धूळ, चार महिने पाऊस. त्यापेक्षा जरा कडक घ्यावेत, लांबच्या प्रवासाचे. आवाज कमी, त्रास कमी. टायराच्या बाजूवर झिजण्याचा एक आकडा असतो, जितका मोठा तितका टायर जास्त टिकतो. मऊ टायराचा आकडा माझ्या पसंतीच्या टायराच्या निम्माही नव्हता. मी तो लाल शाईने अधोरेखित करून तुझ्यासमोर धरला.

"हो आकडो कोण दिता, खबर आसा?" तू विचारलेस. "कंपनीच दिता. आपल्याच भुरग्याक आपणेंच दिल्ले मार्क."

बापानेच पोराला मार्क द्यावेत तसे, हे मास्तराला झोंबले. मग तू दोन्ही टायर शेजारी उभे केलेस आणि मला अंगठ्याचे नख रुतवायला सांगितलेस. तुझ्या अंगठ्याच्या नखाखाली काळी चंद्रकोर कायमची होती. आई होती तेव्हा देवाच्या कामाला बसण्याआधी तुला लिंबाची फोड घासायला लावायची, तरी ती जायची नाही. तू मऊ टायरात नख रुतवलेस, ते रुतले आणि खूण हळूहळू भरून आली. कडक टायरात माझे नख वाकले. बघ, असे तू म्हणालीस. मी म्हटले, यातून काय सिद्ध होते? तू म्हणालीस, जो टायर नखाला जागा देतो तो रस्त्यालाही देतो. घट्ट धरणारा टायर झिजणारच, कारण धरणे म्हणजेच झिजणे. झिजायला नको असेल तर भिंतीवर टांगून ठेव.

हे बरोबर होते. मीच वाचलेल्या अहवालांत तेच लिहिलेले होते, फक्त लांबलचक. पण मी मास्तर, ऐकतो कशाला. मी म्हटले, अगं, हे मऊ टायर दीड वर्षात संपतील.

"दीड वर्स म्हणल्यार खूब जालें रे."

हे तू हसत म्हणालीस. समोर पाववाल्या पोदेराचे उंडे आणि चहा होता, सगुण बाजूला हवा भरत होता. मी तुझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, वहीत पाहत होतो. मी म्हटले, दीड वर्षाने परत हीच कटकट, त्यापेक्षा टिकणारे घे. तू उंडा चहात बुडवलास आणि म्हणालीस, "टिकून कितें करूं? लोणचें घालूं?"

त्या आधीच्या आठवड्यात तू पणजीला गेली होतीस. टायरांच्या वितरकाला भेटायला, असे मला सांगितले होतेस. पुढच्या आठवड्यात परत गेलीस. वितरक इतका काय बोलतो, असे मी विचारले, तर म्हणालीस, बोलतो कमी, बसवून जास्त ठेवतो. नंतर तुझ्या कपाटात निघालेल्या इस्पितळाच्या कागदांवर त्याच दोन दिवसांच्या तारखा आहेत. दीड वर्ष म्हणजे खूप झाले, हे तू अगदी शब्दशः म्हणत होतीस. डॉक्टरांनी तुला त्याहून कमी सांगितले होते.

वाद काही संपेना. एका शनिवारी तू हात झटकून म्हणालीस, देवाकच विचारूंया. आपल्याकडे जमिनीच्या वादापासून मुलीच्या स्थळापर्यंत सगळ्याला देवाचा कौल लावतात, पण टायरांसाठी कोणी लावला असेल असे मला वाटत नाही. मी देव मानत नाही, हे तुला माहीत होते. गंमत म्हणून मी तयार झालो, आणि खरे सांगायचे तर दगडाच्या मूर्तीला चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांपैकी आधी कोणती पडेल यात माझी निम्मी शक्यता होतीच. तुझ्याशी वादात तेवढीही कधी नसायची. प्रश्न मात्र नीट हवा, असे मी बजावले. हो किंवा नाही, एवढेच उत्तर येईल असा. मी कागदावर लिहिले: गाडीला मऊ टायर घालावेत का? उजवी पाकळी आधी पडली तर घालावेत, डावी पडली तर घालू नयेत. खाली मी रेघही मारली. मग कागदाची घडी घालून प्रश्नपत्रिकेसारखी डिंकाने बंद केली. तू ती पर्समध्ये टाकलीस आणि म्हणालीस, देवाला पर्यवेक्षक नेमले आहेस की काय.

देवळात मी मागे खांबाला टेकून उभा राहिलो. गुरवांनी मूर्तीला पाकळ्या लावल्या. तू पुढे गेलीस आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोललीस. गुरवांनी देवासमोर पुटपुटत गाऱ्हाणे घातले. मी खांबावरचे कोरीव काम बघत होतो. बराच वेळ काही झाले नाही. मग डावी पाकळी पडली. तू गुरवांना पुन्हा काहीतरी विचारलेस, त्यांनी मान हलवली. तू तिथे थोडा वेळ उभी राहिलीस. देवाने माझी बाजू घेतली म्हणून रुसलीस, असे मी समजलो आणि मला हसू आले.

बाहेर आल्यावर चपला घालताना तू म्हणालीस, "जिखलो तूं. घाल तुजे टायर."

मी जिंकलो होतो, बाय. परतीच्या बसमध्ये मी अगदी मजेत होतो.

टायर आले. सगुणने चढवले, चाकांचा तोल साधला. प्रत्येक चाकाखाली तू लिंबू ठेवलेस आणि गाडी पुढे घेतलीस, चारही लिंबे चिरडली. नंतरच्या रविवारी छप्पर दुमडून तू मला पेडण्याला सोडायला आलीस. विमानतळाकडे जाणारा नवा रस्ता लागला तेव्हा मी म्हटले, किती शांत आहेत बघ, मी पुस्तक वाचू शकतो. आणि मी खरेच पुस्तक उघडले. तू स्टिअरिंगवर एक बोट ठेवून पुढचे वळण सावकाश काढलेस. मग म्हणालीस, बरे आहेत. चलतात.

तुझे बरे आहेत म्हणजे काय, ते मला आयुष्यभर कळत आलेले आहे. त्या दिवशी मी ते कळून घेतले नाही. वळण आले की तू आधीच वेग कमी करत होतीस. मऊ टायर असते तर केला नसतास. गाडीला वळणात सोडून दिले असतेस आणि रस्ता हातात आला असता. तसे होते म्हणून तू सांगितले होतेस. टायर चांगला असला की रस्ता हातात येतो, खडा अन् खडा कळतो. ते मी तुला कळू दिले नाही. ती गाडी तुझ्याकडे उणेपुरे आठ महिने होती. त्यात नव्या टायरांवर तू किती फिरलीस, ते टायरांवरचे केस सांगतात.

मग पाऊस सुरू झाला, छप्पर बंद झाले, गाडी पत्र्याखाली गेली. श्रावणात तू बारीक झालीस. उपास करतेस का, असे मी विचारले. चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना तू स्टुलावर बसून राहिलीस आणि आंब्याचे टहाळे इथे बांध, नारळांचा घोस तिथे लटकव असे मला सांगत राहिलीस. मी वैतागून म्हटले, एरवी मला हात लावू देत नाहीस, आज हुकूम सोडतेस. तू म्हणालीस, कधीतरी शिकायला नको? पुढच्या चवथीला ती माटोळी मला एकट्याला बांधावी लागणार, म्हणून तू शिकवत होतीस. मी नारळ वाकडा बांधला होता. तू तो तसाच राहू दिलास.

आणि मग इस्पितळ. सगुणचा फोन आला तेव्हाही, चक्कर आली असेल, बरी होशील, असेच मी बसमध्ये घोकत होतो. खोलीत आलो. तू झोपली होतीस, हात चादरीवर होता. मी खाटेजवळची कदेल ओढून बसलो आणि माझी नजर तुझ्या अंगठ्यावर गेली. नख स्वच्छ होते. गुलाबीसर, एखाद्या बँकेत काम करणाऱ्या बाईचे असावे तसे. इतक्या वर्षांत आईच्या लिंबाने जे झाले नाही ते झाले होते. डॉक्टर नंतर येऊन जे काही बोलले ते मला तेव्हाच कळून चुकले होते.

तुला जाग आली. तू माझ्याकडे पाहिलेस, मी नखाकडे पाहतो आहे हे पाहिलेस आणि अंगठा मुठीत घेतलास. त्यानंतर अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत आपण पावसाचे बोललो, इस्पितळातल्या पेजेचे बोललो, सगुणच्या मुलीच्या परीक्षेचे बोललो. तू मला का सांगितले नाहीस, हे मला विचारायचे होते. विचारले तर तुला उत्तर द्यायचे श्रम पडतील म्हणून विचारले नाही. की मला उत्तर ऐकायची भीती होती? चाव्यांचे बोलायचे होते. एकदा मी सुरुवातही केली, बाय, त्या दिवशी बाबांनी, असे म्हटले. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, पेज थंड होते आहे, तू खा.

बारावे झाले. चार दिवसांनी गाडीचे कागद शोधायला मी तिचा पुढचा खण उघडला. कागदांखाली माझी घडी होती. डिंक जसाच्या तसा. ती कोणी उघडलेलीच नव्हती.

मी ती हातात घेऊन गाडीत बसून राहिलो. मग चालत देवळात गेलो. गुरव ओट्यावर फुले निवडत होते. मी त्यांच्यासमोर घडी ठेवली आणि विचारले, त्या दिवशी टायरांचा कौल लावला तो या कागदाशिवाय कसा लावला? त्यांनी घडीला हात लावला नाही. फुले बाजूला सारली आणि मला बसा म्हणाले.

"मास्तर, तिणें टायरांचें कांयच विचारूंक नाशिल्लें," ते म्हणाले. "भावाक सांगूं काय नाका, इतलेंच विचारिल्लें."

आजाराचे तू त्यांना आधीच सांगितले होतेस. नीट समजल्याशिवाय गाऱ्हाणे घालता येत नाही, म्हणून. आता ती नाही, तेव्हा हे पोटात ठेवून कोणाचे भले, असे ते म्हणाले. डावी पडली, म्हणजे सांगायचे नाही. मग मी विचारले, पाकळी पडल्यावर ती पुन्हा तुमच्याशी काय बोलली? त्यांनी बाजूला सारलेले एक फूल उचलून हातात घेतले.

"परत विचारल्यार जाता काय, म्हणून विचारिलें. हांवें ना म्हणलें. एकच प्रस्न एका दिसा दोन फावटी विचारिनात."

बाय, पुन्हा कौल लावता येईल का असे तू विचारलेस, म्हणजे तुला सांगायचे होते. उत्तर डावे आले तेव्हा तुला ते नको होते. तू उभी राहिलीस तो वेळ रुसण्याचा नव्हता. आणि मी सात-आठ पावलांवर खांबाला टेकून होतो, खांबावरचे हंस मोजत होतो. मागे वळून माझ्याकडे बघितले असतेस तर माझ्या चेहऱ्यावर काय दिसले असते? पैज लावलेल्या माणसाचा चेहरा. त्याला काय सांगणार होतीस.

मग बाहेर येऊन तू माझ्या हातात टायर दिलेस. दुसरे काही देता येत नव्हते म्हणून ते दिलेस. मला आता राहून राहून तेवढेच दिसते, तू वाकून चप्पल घालते आहेस आणि मान वर न करता मला जिंकवते आहेस.

मी देवावर रागावू शकत नाही, कारण मी त्याला मानत नाही. पाकळीवर रागावून पाहिले. पाकळी ओली असते, जड झाली की पडते. उजवी आधी जड झाली असती तर मला चार महिने मिळाले असते. त्या चार महिन्यांत मी काय केले असते तेही मला ठाऊक आहे. तुझ्या आजारावरचे अहवाल वाचले असते, वहीत रकाने आखले असते आणि लाल शाईने आकडे अधोरेखित करून तुझ्यासमोर धरले असते. म्हणजे कदाचित पाकळीचे बरोबर असेल. हे लिहितानाही मला ते पटत नाही. मी रकाने आखले असते, पण एक दिवस वही मिटून तुझ्याजवळ बसलोही असतो. मऊ टायर घे, असे तर नक्कीच म्हटले असते.

आज शनिवार. मी दुकानात गेलो. वही नेली नाही. सगुणला विचारले, गाडीच्या मापाचे मऊ टायर मागव म्हणालो होतो, ते आले का? आले होते. त्याने चार टायर भिंतीला लावून उभे केले. मी जन्माचे आकडे पाहिले, ताजे आहेत. मग अंगठ्याचे नख रुतवले. रुतले. खूण भरून यायला किती वेळ लागतो ते पाहत मी तिथेच बसलो. सगुण पाना घेऊन गाडीकडे वळला. हे कोणाचे बघणे आहे, ते त्याला माझ्याहून जास्त माहीत.

कडक टायर उतरवताना मात्र तो थांबला. केसांवरून हात फिरवून म्हणाला, "मास्तरानु, ह्ये अजून नवेच आसत. आणि ते मऊ दीड वर्सात संपतले. तुमका ठावक आसा मां?"

"संपूं देत," मी म्हटले.

गाडी मीच चालवणार आहे. तू ऐकले असतेस तर सगुणला हाक मारून सांगितले असतेस, मास्तर आयले, आतां रस्तो नापास जातलो. शिकाऊ परवाना आला आहे. सगुण शेजारी बसतो आणि मी सर्वणच्या रस्त्यावर गाडी नेतो, सायकलवाले मला मागे टाकून जातात. रस्ता अजून हातात येत नाही. येईल असे सगुण म्हणतो.

उतरवलेले चार टायर त्याने एकावर एक रचले आणि खिशातून खडू काढला. पिवळा होता, माझ्या जुन्या पुडीतला, तू जपून ठेवलेला असणार. रीतीप्रमाणे त्याने विचारले, "नाव कोणाचा घालू?" मी त्याच्या हातातून खडू घेतला. आयुष्यभर खडूनेच लिहिले, पण रबरावर पहिल्यांदाच. मी माझे नाव लिहिले, प्रत्येक टायरावर, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. आणि नावाखाली लिहिले, नंतर. आधी तुझे झिजतील, बाय. मग माझे चढतील. वाट पाहून गेले तर गेले.

घरी आलो तेव्हा बोटांना पिवळा खडू होता आणि अंगठ्याच्या नखाखाली काळे. खडू धुतला. काळे तसेच ठेवले आहे.